कार्गोचं मागचं दार

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार जणांनी पाठवला. चौथी माझी मावसबहीण. तिचा मुलगा यंदा बारावी झाला. मेसेजखाली तिने लिहिलं होतं, "दादा, तू याच लाइनीत आहेस. हे खरं आहे का? खरं असेल तर शेतावर कर्ज काढायची आमची तयारी आहे." ही शेवटची ओळ नसती तर मी नेहमीसारखा अंगठा दाखवून मोकळा झालो असतो.

मेसेज थोडक्यात असा: 'पायलट होण्याचा गुप्त मार्ग! प्रवासी कंपन्यांच्या दारात हजारो मुलं उभी आहेत, पण कार्गोकडे कुणाचंच लक्ष नाही. प्रवासी नसल्यामुळे नियम सैल. २०० तासांचं लायसन्स हातात पडलं की थेट नोकरी. वयाची, मेडिकलची कटकट नाही. रात्री दोन फेऱ्या, दिवसभर मोकळे. पगार दुप्पट. ऑनलाइन खरेदी वाढतच जाणार, म्हणून मंदी नाही. आमच्या कोर्सला नोकरीची लेखी हमी.' खाली एक मोबाइल नंबर.

मी मालवाहू विमान उडवतो. त्याआधी काही वर्षं प्रवासी विमानावर होतो. त्यामुळे या मेसेजमधली एकेक ओळ घेऊनच बहिणीला उत्तर लिहिलं. तेच इथे थोडं वाढवून देतो आहे.

"प्रवासी नसल्यामुळे नियम सैल."

आपल्याकडे 'कार्गो पायलट' असं वेगळं लायसन्सच नाही. सीपीएल म्हणजे व्यावसायिक पायलटचं लायसन्स एकच, डीजीसीए या सरकारी विमान नियामकाचं. उड्डाणाचे एकूण २०० तास, त्यात १०० तास स्वतः कमांडमध्ये, २० तास क्रॉस-कंट्री म्हणजे एका विमानतळाहून दुसऱ्याकडे आणि त्यातलं एक उड्डाण किमान ३०० सागरी मैलांचं, शिवाय इन्स्ट्रुमेंटचे, म्हणजे बाहेर न बघता उपकरणांवर उडायचे, आणि रात्रीचे तास. नेव्हिगेशन, हवामान, रेग्युलेशन्स, टेक्निकल हे पेपर सगळ्यांना सारखे. पुढे इन्स्ट्रुमेंट रेटिंग, मल्टि-इंजिन आणि मग ज्या जातीचं विमान उडवायचं तिचं टाइप रेटिंग, म्हणजे त्याच विमानाचा वेगळा परवाना. बोइंग ७३७ च्या सिम्युलेटरला मागे माणसं आहेत की मोबाइलची खोकी, हे ठाऊक नसतं. टेकऑफला इंजिन बंद पाडायचं तर तो दोघांचंही पाडतो.

उलट काही गोष्टी आम्हाला जास्तीच्या शिकाव्या लागतात. प्रवासी विमानात केबिनमध्ये धूर निघाला तर केबिन क्रू अग्निशामक घेऊन धावतो. आमच्या मागे कुणी नसतं. मेन डेकवर, म्हणजे प्रवासी विमानात जिथे सीटा असतात तिथे, कंटेनर एकाला एक लागून बसवलेले असतात, त्यातल्या सातव्या कंटेनरच्या पोटात काही पेटलं तर तिथपर्यंत हात पोचत नाही. बऱ्याच मालवाहू विमानांत या डेकवर आग विझवणारा वायू सोडायचीही सोय नसते. मग करायचं काय? स्वतः ऑक्सिजन मास्क चढवायचा, मेन डेकची हवा तोडायची, विमानातला दाब सोडून द्यायचा, आणि आगीला प्राणवायू कमी पडेल अशा उंचीवर विमान ठेवायचं. ७४७ च्या फ्रेटरसाठी, म्हणजे मालवाहू विमानासाठी, ही उंची २५,००० फूट आहे. आग अशी दबून राहते, विझतेच असं नाही. आणि कधीतरी उतरायला खाली यावंच लागतं.

३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेल्या यूपीएस या अमेरिकन कुरिअर कंपनीच्या ७४७ मध्ये लिथियम बॅटऱ्यांच्या मालाला आग लागली. कॉकपिट धुराने इतकं भरलं की समोरची उपकरणं दिसेनात. कॅप्टनचा ऑक्सिजन तुटला, फर्स्ट ऑफिसर म्हणजे सहवैमानिक एकटा विमान परत आणायचा प्रयत्न करत राहिला. दोघेही गेले. २९ एप्रिल २०१३ रोजी अफगाणिस्तानात बग्रामहून उडालेल्या नॅशनल एअरलाइन्सच्या ७४७ मध्ये लष्कराची चिलखती वाहनं होती. बांधलेलं वाहन चढतीला सुटून मागे सरकलं आणि शेपटीकडची यंत्रणाच मोडली. विमानातले सातही जण गेले. त्याची चित्रफीत आम्हाला ट्रेनिंगमध्ये दाखवतात, आणि पहिल्यांदा पाहताना वर्गात कुणी बोलत नाही. माल तक्रार करत नाही हे खरं. तो आधी सांगतही नाही.

"२०० तास झाले की थेट नोकरी."

सगळ्या मेसेजचं मूळ इथे आहे. हे पूर्ण खोटं नाही, पण ते दुसऱ्याच देशातलं आहे.

अमेरिकेत २००९ मध्ये कोल्गन या छोट्या प्रवासी कंपनीच्या विमानाला झालेल्या अपघातानंतर नियम बदलले आणि २०१३ पासून एअरलाइनच्या फर्स्ट ऑफिसरलाही साधारण १,५०० तास लागू लागले. लायसन्स मिळतं अडीचशेच्या आसपास. मधले बाराशे तास आणायचे कुठून? कुणी शिकवतं, कुणी जाहिरातीचे फलक ओढतं, कुणी रात्री छोटी मालवाहू विमानं उडवतं. फेडेक्स या कुरिअर कंपनीसाठी छोट्या फीडर कंपन्या सेसना कॅराव्हॅन ही लहान विमानं चालवतात. मोठ्या हबवर आलेला माल पहाटे लहान गावांना पोचवायचा, संध्याकाळी उलटा आणायचा. एक इंजिन, बहुतेक वेळा एकटा पायलट, बर्फ, वादळ, काय असेल ते. नियमानुसार तिथेही दृश्य हवामानात ५०० तास लागतात आणि इन्स्ट्रुमेंटवर उडायचं तर १,२००. म्हणजे ज्या शिडीचा हा मेसेज पवाडा गातो, तिची सगळ्यात खालची पायरीसुद्धा २०० तासांवर नाही.

आपल्याकडे ती शिडीच नाही. गावोगाव माल पोचवणारी कॅराव्हॅनची जाळी इथे उभीच राहिली नाहीत. तो माल ट्रकने जातो, नाहीतर प्रवासी विमानाच्या पोटात. आपल्याकडचा फ्रेशर २०० तासांवर थेट ए३२० किंवा ७३७ च्या उजव्या सीटवर बसतो, आणि ही दारं उघडतात ती प्रवासी कंपन्यांतच, कारण मोठ्या संख्येने भरती तेच करतात. एकट्या इंडिगोकडे चारशेच्या वर विमानं आहेत. मालवाहतुकीतल्या ब्लू डार्टकडे सहा ७५७ आणि दोन ७३७. क्विकजेट, प्रधान एअर, चेन्नईची अ‍ॅफकॉम या बाकीच्या मालवाहू कंपन्यांची विमानं मोजायला हाताची बोटं पुरतात. इंडिगोची ए३२१ फ्रेटर आहेत, पण त्यांचं टाइप रेटिंग ए३२० चंच, ते पायलट कंपनीत आधीच आहेत. एका विमानामागे दहा-बारा पायलट धरा आणि तुम्हीच हिशेब करा. वर्षाला जागा किती निघणार?

ज्या निघतात त्यांची जाहिरात नीट वाचावी. 'त्या टाइपवर अमुक तास' ही ओळ बहुतेक वेळा असतेच. दोनचार विमानांच्या कंपनीला नवख्याला घडवत बसणं परवडत नाही. टाइप रेटिंगचे पंधरा-वीस लाख, मग बेस ट्रेनिंग म्हणजे खऱ्या विमानावर टेकऑफ-लँडिंगचा सराव, मग एसएलएफ म्हणजे ट्रेनरच्या शेजारी बसून उडायचे महिने, आणि एवढं करून 'रिलीज' झालेला, म्हणजे ट्रेनरशिवाय उडायला मोकळा झालेला पोरगा वर्षभरात मोठ्या कंपनीत गेला की खेळ खलास. फ्रेशर कधीच घेत नाहीत असं मी म्हणत नाही. माझ्या ओळखीचे दोघे घेतले गेले. एकाच्या वडिलांनी कर्ज काढून त्याचं टाइप रेटिंग करून घेतलं होतं आणि तरीही त्याने अडीच वर्षं वाट पाहिली. त्या काळात दर वर्षी इन्स्ट्रुमेंट रेटिंग जिवंत ठेवायचा खर्च वेगळा. बाकी आम्ही सगळे आडव्या वाटेने आलो: आधी प्रवासी विमानावर तास, मग इकडे. त्यातही फर्स्ट ऑफिसरला सहा महिने आणि कॅप्टनला वर्षभर नोटीस, हा २०१७ चा नियम. आज ठरवलं आणि उद्या आलो, असं होत नाही.

आणखी एक गंमत ७५७ ची. विमान देखणं, ताकदवान, उडवणारा प्रेमातच पडतो. पण भारतात ते ब्लू डार्टशिवाय कुणाकडे आहे? उद्या नोकरी बदलायची वेळ आली तर त्या रेटिंगला इथे गिऱ्हाईक नाही.

(जाता जाता: 'कार्गोकडे कुणाचं लक्ष नाही' हे वाचून मला हसू आलं. आपल्या देशातली विमान कंपनी सुरूच झाली ती टपालावर. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून जुहूला पस मॉथ घेऊन आले तेव्हा मागे टपालाच्या पिशव्या होत्या.)

"वयाची, मेडिकलची कटकट नाही."

आहे. क्लास वन मेडिकल, म्हणजे व्यावसायिक पायलटची वैद्यकीय तपासणी, सगळ्यांना एकच. चष्मा ठरावीक नंबरापर्यंत चालतो, तो प्रवासी कंपनीतही चालतो. आणि ६५ वर्षांची मर्यादा व्यावसायिक उड्डाणांना लागू आहे, माल असो वा माणसं. ही अफवा आली कुठून याचा मात्र अंदाज आहे. अमेरिकेत २००७ अखेर मर्यादा ६० ची ६५ झाली. त्याआधी साठी ओलांडलेले कॅप्टन ७२७ किंवा डीसी-१० या जुन्या विमानांवर फ्लाइट इंजिनीअर म्हणून कॉकपिटमधल्या मागच्या सीटवर बसून नोकरी चालू ठेवत, कारण त्या सीटला वयाची अट नव्हती. अशी विमानं मालवाहतुकीत जास्त काळ टिकली, म्हणून पांढऱ्या केसांचे लोकही तिथे जास्त दिसत. ती विमानं गेली, ती सीट गेली, गोष्ट उरली.

"रात्री दोन फेऱ्या, दिवसभर मोकळे."

हे लिहिणाऱ्याने दिवसा झोपून बघावं. वरच्या मजल्यावर फरशी कापणारा, खाली भाजीवाला, दुपारी बाराला कुरिअर. तेही कदाचित मीच रात्री आणलेलं. पहाटे दोन ते सहा या वेळात शरीर सगळ्यात ढिलं असतं, आणि आमची उतरायची वेळ नेमकी तीच. लग्नं, बारशी, शाळेचं गॅदरिंग दिवसा असतं. मी हजर असतो, पण जागा असतोच असं नाही.

आता 'नियम सैल' याची एक बाजू खरीच आहे, तीही सांगायला हवी. अमेरिकेत थकव्याविषयीचे नवे कडक नियम जानेवारी २०१४ पासून लागू झाले, पण त्यातून मालवाहू कंपन्यांना वगळलं. खर्चाचं कारण दिलं गेलं. ते लागू व्हायच्या काही महिने आधी, १४ ऑगस्ट २०१३ च्या पहाटे पाचच्या सुमारास, यूपीएसचं ए३०० अलाबामात बर्मिंगहॅमला धावपट्टीच्या अलीकडेच डोंगरउतारावर आदळलं. दोघेही पायलट गेले. चौकशीत दोघांच्या चुका निघाल्या, आणि फर्स्ट ऑफिसरचा थकवा हेही एक कारण नोंदवलं गेलं. सैल नियम म्हणजे सवलत असं ज्याला वाटतं, त्याने हा अहवाल वाचावा.

"पगार दुप्पट."

फेडेक्स, यूपीएसचे ज्येष्ठ कॅप्टन जगातल्या सर्वाधिक पगाराच्या पायलटांत मोडतात, हे खरं. पण तिथे शिरायला अमेरिकेत काम करायचा हक्क लागतो, त्यांचं लायसन्स लागतं, आणि पगार सेवाज्येष्ठतेच्या यादीवर चढत जातो. भारतात त्याच विमानाच्या त्याच सीटला मोठ्या प्रवासी कंपनीपेक्षा दुप्पट मिळालेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. असलाच तर त्याने मला चहा पाजावा.

"मंदी नाही."

नागपूरकरांना विचारा. कॅप्टन गोपीनाथ यांच्या डेक्कन ३६० या मालवाहू कंपनीने २००९ मध्ये नागपूर हे हब धरून मोठा डाव मांडला होता. कल्पना पक्की होती: देशाच्या मध्यावर रात्री सगळीकडची विमानं आणायची, माल बदलायचा, पहाटे परत पाठवायची. फेडेक्सने १९७३ मध्ये मेम्फिसला हेच केलं. इथे काही वर्षांतच बंद पडलं. आर्यन कार्गो एक्स्प्रेस तर त्याहून लवकर मिटली. आणि खुद्द फेडेक्सकडे २०२३ मध्ये पायलट इतके जास्त झाले की कंपनीने आपल्याच लोकांना एका लहान प्रवासी कंपनीत जायचा पर्याय सुचवला. कोविडमध्ये कार्गो तेजीत होता कारण प्रवासी विमानं उभी होती आणि त्यांच्या पोटातली जागा बाजारातून गेली होती. प्रवासी उडू लागले, जागा परत आली, भाव उतरले. आमचा धंदा प्रवाशांपासून वेगळा नाही, त्यांच्या सुटकेसच्या शेजारीच आहे.

"नोकरीची लेखी हमी."

हमी देणारा विमान कंपनीचा मालक आहे का, एवढंच विचारायचं. लेखी परीक्षा, सायको टेस्ट, सिम्युलेटर चेक, मुलाखत हे सगळं कंपनी घेते. मधला माणूस यातलं काय पास करून देणार? २०११ मध्ये बनावट गुणपत्रिकांवर एटीपीएल, म्हणजे कॅप्टन व्हायला लागणारं वरचं लायसन्स, मिळवल्याची प्रकरणं बाहेर आली, पायलटांना अटक झाली. तेव्हाही मध्ये कुणीतरी 'करून देणारा' होताच.

बहिणीला मी एवढंच म्हटलं: मुलाला उडायचं असेल तर उडू दे, वाट मात्र सरळ धर. गोंदिया असो की बारामती, शाळा स्वतः जाऊन बघ, विमानं किती उभी आहेत आणि किती उडताहेत ते मोज, तिथे शिकणाऱ्या पोरांना एकटं गाठून विचार की महिन्याला किती तास मिळतात. सीपीएलचे पन्नास ते ऐंशी लाख जायचे तर जातील, पण त्याआधी काही हजारांत मेडिकल होतं ते करून घे. रंग ओळखता येत नाहीत किंवा कानात काही आहे, हे फी भरल्यावर कळलेले दोघे माझ्याच बॅचला होते.

भाच्याचं क्लास टू, म्हणजे क्लास वनच्या आधीचं पहिलं मेडिकल, पुढच्या मंगळवारी पुण्यात आहे. सातबारा अजून कोरा आहे.