दुकानाची मर्जी आणि आपला हक्क

परवा ठाण्याच्या मावशीशी फोनवर बोलत होते, तिचा फ्रीज सव्वा वर्षात बंद पडला, दुकानदार म्हणतो कंपनीला फोन करा, कंपनी म्हणते वॉरंटी संपली. मग नेहमीचं वाक्य आलंच, "तुमच्या अमेरिकेत बरं होतं, काहीही परत घेतात!"

मी चार वर्षं न्यू जर्सीत काढली, आता जर्मनीत आहे, आणि हे वाक्य मला दरवेळी खटकतं. अमेरिकेत दुकानं माल परत घेतात ती त्यांची पॉलिसी म्हणून, ऑनलाइन घेतलेलं नुसतं आवडलं नाही म्हणून परत घ्यायलाच पाहिजे असा फेडरल कायदा तिथे नाहीये. पॉलिसी बदलली की संपलं. इथे युरोपियन युनियनमध्ये ऑनलाइन घेतलेलं बहुतेक सामान 14 दिवसांत कारण न सांगता परत करता येतं, आणि नव्या वस्तूत मुळातलाच दोष निघाला तर 2 वर्षं जबाबदारी विकणाऱ्याची. आमचं वॉशिंग मशीन 11 महिन्यांनी बिघडलं तेव्हा इथल्या दुकानानेही "कंपनीशी बोला" करून बघितलं, मी कायद्याचा हवाला देऊन एक ईमेल टाकला आणि फुकट दुरुस्त करून मिळालं, कारण पहिल्या वर्षात दोष आधीपासून नव्हता हे दुकानाने सिद्ध करायचं असतं, आपण नाही.

पण युरोपचं सगळंच भारी असंही नाही हां. फोक्सवॅगन या जर्मन कंपनीचा डिझेल घोटाळा (धुराच्या चाचणीत फसवणारं सॉफ्टवेअर गाड्यांत बसवलं होतं) 2015 मध्ये उघड झाला तो अमेरिकेत, आणि 2016 च्या तडजोडीत कंपनीला तिथल्या गाड्या परत विकत घ्यायची तयारी दाखवावी लागली, वर बहुतेक मालकांना 5,100 ते 10,000 डॉलर. आणि कंपनीच्या स्वतःच्या देशात? ग्राहकांनी मिळून दावा लावायची धड सोयच नव्हती, ती 2018 च्या नोव्हेंबरात आली, आणि 2020 मध्ये तडजोड झाली ती साधारण 1,350 ते 6,250 युरोंवर. फसवणूक तीच, गाड्या त्याच. मला याचा अजून राग येतो.

आपल्याकडे 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा वाचला तर वाईट नाहीये, एकत्र तक्रार करता येते, वकील लागत नाही, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. निकाल 3 महिन्यांत लावायचा प्रयत्न करावा, तपासणी लागली तर 5, असंही लिहिलंय, पण तारखांवर तारखा पडत वर्षं जातात आणि दुकानदाराला ते पक्कं माहीत असतं. घरच्या ग्रुपवर "अमेरिकेसारखं पाहिजे" की "युरोपसारखं पाहिजे" हा वाद रंगतो तेव्हा मला वाटतं, आधी हे 3 महिने खरे करा ना.

मावशीला म्हटलं, बिल शोधून ठेव, तक्रार ऑनलाइन करता येते, रविवारी फोनवर बसून दोघी मिळून भरू.