पोरांना शिकवायला कुठली गाडी? एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, शिकायला छोटी मॅन्युअल गाडी बरी, असं मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची कॉमेंट वाचली. "जुन्या डबड्यात पोरं शिकवा म्हणता, त्यांचा जीव स्वस्त आहे काय, माझा मुलगा सतराव्या वर्षी आमच्या मोठ्या एसयूव्हीत शिकला, ऑटोमॅटिक आहे, सेफ आहे, काय बिघडलं?" रागावू नका, पण उत्तर जरा लांबणार.

सतराव्या वर्षाचं लगेच उरकतो. कारचं एलएलआर, म्हणजे शिकाऊ लायसन्स सुद्धा अठरा पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही, आणि मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर पोरानं काही केलं तर पालकाला तीन वर्षांपर्यंत जेल, २५ हजार दंड, पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. शेताकडचा रस्ता होता म्हणाल, असूदे.

आता डबडं. मी लिहिलेलं छोटी, कमी ताकदीची, मॅन्युअल हॅचबॅक. मारुती ८०० घ्या असं कुठं म्हटलंय? ती २०१४ लाच बंद झाली, तिच्यात एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ देत नाही ते) नाही एअरबॅग नाही. सेकंडहँडच घेणार तर २०२२ नंतरची बघा की, एबीएस आणि पुढच्या दोन्ही एअरबॅग सक्तीच्याच आहेत, बेल्ट मात्र लावायला पाहिजे, नाहीतर एअरबॅगच तोंडावर बसते.

मोठ्या गाडीत उंच बसलं की पोराला वाटतंय सगळं दिसतंय, आणि बॉनेटच्या पुढं सायकलवरचं पोरगं असलं तरी दिसत नाही. त्यात पिकअप असा की ऐंशी कधी झाले कळत नाही, आणि ऐंशीला ब्रेक मारला की गाडी चाळीसच्या चौपट अंतर घेते. आमच्या बेळगावकडं तवंदी घाट उतरताना किंवा ऊस हंगामात खानापूर रोडला रात्री पुढं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, मागं लाल लाईट तर सोडाच रेडियम पण नाही, तिथं हे चौपट अंतर आणायचं कुठनं? आणि एबीएस आहे म्हणून निश्चिंत पण राहू नका, जोरात दाबला की पेडल पायाखाली थरथरतंय, पोरं घाबरून पाय उचलतात, म्हणून रिकाम्या मैदानात एकदा मुद्दाम दाबायला लावा, पाय घट्ट ठेवून स्टेअरिंग वळवायला लावा.

ऑटोमॅटिकचा एक फायदा खराच, गिअरकडं बघावं लागत नाही, नजर रस्त्यावर राहते. पण आपल्याकडं कारचं लायसन्स दोन्हीला एकच, उद्या लग्नाच्या गडबडीत मामा किल्ली देऊन म्हणणार "जा रे, गोवावेसवरनं पाहुण्यांना घेऊन ये", आणि मामाची गाडी मॅन्युअल. चढावर हाफ क्लच तेव्हा शिकणार का, मागं रिक्षा उभी असताना?

मॅन्युअल शिकवायचं ठरवलात तर सुरुवात ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत करा, मास्तरच्या पायाखाली पण क्लच-ब्रेक असतोय. घरच्या गाडीत आपल्या हातात फक्त हँडब्रेक, आणि तुमच्यासारख्या मोठ्या नव्या गाड्यांत तो पण आता बटणावर गेलाय.