एचटीएमएल ओघाने येत नाही

फ्रंट-एंडच्या, म्हणजे संकेतस्थळाचा वापरणाऱ्याला दिसणारा भाग बनवण्याच्या, कामासाठी आधी रिअ‍ॅक्ट ही जावास्क्रिप्ट लायब्ररी शिकावी, पानाची रचना लिहिण्याची एचटीएमएल ही भाषा ओघाने येईलच, हे एका लेखातील मत मला पटले नाही. एचटीएमएल मुद्दाम, बारकाईने शिकावे लागते, असा माझा अनुभव आहे. एचटीएमएलच्या ‘बटन’ या मूळ घटकापर्यंत टॅबने पोहोचता येते, एंटर आणि स्पेस या दोन्ही कळांनी ते दाबले जाते आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) ते बटण असल्याचे सांगतो; तेच काम ‘डिव्ह’ या साध्या चौकटीला केवळ क्लिकची जोड देऊन केले, तर माउस न वापरणाऱ्या माणसासाठी ते बटण जवळपास नसतेच. रंगसंगतीचेही तसेच आहे: साध्या मजकुरासाठी डब्ल्यूसीएजीने (संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठीच्या निकषांनी) सांगितलेले अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरकाचे किमान ४.५:१ हे प्रमाण फिकट करड्या अक्षरांना बरेचदा गाठता येत नाही.

मराठी संकेतस्थळांवर तर याहून अधिक लक्ष द्यावे लागते. इंग्रजीसाठी बेतलेली ओळीची उंची देवनागरीला अपुरी पडते आणि ‘ओव्हरफ्लो हिडन’ असलेल्या, म्हणजे बाहेर जाणारा भाग लपवणाऱ्या, चौकटीत वरचा रफार किंवा खालचा उकार छाटला जातो. लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधले अंतर, वाढवले की शिरोरेषा तुटते. पानाच्या एचटीएमएलमध्ये भाषा ‘एमआर’ (मराठीचा संकेत) अशी नोंदवली नाही, तर मराठी वळणाचे ल आणि श ज्या फॉन्टमध्ये आहेत, तिथेही ते हिंदी वळणाचे उमटू शकतात. डिझाइनचे आराखडे बहुधा इंग्रजी मजकुरावरच बेतलेले असतात, म्हणून काम सुरू होण्यापूर्वीच मी खऱ्या मराठी मजकुराची मागणी करतो.