फवारण्याआधी पान उलटून तरी पाहा

आज सकाळी आमच्या सोसायटीच्या बागप्रेमींच्या व्हॉट्सॲप गटावर एका ताईंनी जास्वंदीच्या फांदीचा फोटो टाकला आणि खाली एवढेच लिहिले, "हे पांढरे काय आहे? काय मारू?" माझा चहा गाळून होईपर्यंत त्यावर सात उत्तरे आली होती. तिघांनी रासायनिक औषधांची नावे दिली होती, दोघांनी निंबोळी अर्क सुचवला होता, एकीने साबणाचे पाणी सांगितले होते आणि एका गृहस्थांनी फांदीच छाटून टाकण्याचा सल्ला दिला होता. ताईंच्या पहिल्या प्रश्नाला मात्र कोणीही हात लावला नव्हता.

मी फोटो मोठा करून पाहिला. बेचक्यात कापसासारखे पुंजके होते, ते पिठ्या ढेकूणच, यात शंका नाही. पण त्यांच्या शेजारी, त्यांच्याहून बरेच मोठे आणि अंगावर मेणाच्या लांब झालरी असलेले दोन जीव होते, त्या क्रिप्टोलेमस नावाच्या ढालकिड्याच्या, म्हणजे लेडीबर्ड जातीच्या भुंग्याच्या, अळ्या होत्या. दिसायला त्या पिठ्या ढेकणासारख्याच असतात, आणि पिठ्या ढेकूण हेच त्यांचे खाणे. मी घाईघाईने हे लिहून पाठवले, तर उत्तर आले, "आत्ताच फवारले. धन्यवाद."

माझा संताप झाला, आणि त्याचे कारण माझी स्वतःची जास्वंद आहे. 2020 च्या टाळेबंदीत तिच्यावर असेच पांढरे दिसले, तेव्हा मी जुना टूथब्रश आणि साबणाच्या पाण्याचा मग घेऊन बसले आणि मोठ्या शहाणपणाने सर्वांत मोठे 'ढेकूण' आधी खरवडून काढले. त्यांतला एक ब्रश लागताच फांदीवरून तुरुतुरु पळाला. पिठ्या ढेकूण असा कधी पळत नाही, तो आपला रेंगाळतो. क्षणभर ते खटकलेही, पण हात थांबला नाही. दोन आठवड्यांत झाड पांढरे पडले, ढेकणांनी सोडलेल्या गोड चिकट्यावर मुंग्यांची रांग लागली, पानांवर काजळी धरली आणि शेवटी बुंध्यापासून वीतभर ठेवून सगळे झाड छाटावे लागले.

हा ढालकिडा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. 1898 मध्ये कॉफीवरच्या खवले किडीसाठी तो दक्षिण भारतात आणला गेला. ते काम त्याला फारसे जमले नाही, पण पिठ्या ढेकणावर तो इथे रुळला. पुढे 2008 मध्ये कोइमतूरकडे पपईवरचा परदेशी पिठ्या ढेकूण दिसला आणि बघता बघता पसरला, तेव्हाही फवारे पुरे पडले नाहीत. 2010 मध्ये पोर्तो रिकोहून आणलेल्या एका इवल्याशा गांधीलमाशीने त्याला आवरले. एवढे होऊनही आम्ही पांढरे दिसले की बाटली उघडतो.

मिरचीचेही तेच. पाने आकसली की 'व्हायरस' म्हणून मोकळे व्हायचे. पण पानांच्या कडा वर वळल्या असतील तर बहुधा फुलकिडे असतात आणि खाली वळल्या असतील तर कोळी, घरात जाळे विणणारा नव्हे, पानांचा रस शोषणारा बारीकसा. कोळी हा आठ पायांचा, म्हणजे मुळात कीटकच नव्हे. अनेक कीटकनाशकांनी त्याचे काहीच बिघडत नाही, मरतात ते त्याला खाणारे, आणि तो उलट फोफावतो. पांढऱ्या कागदावर पान झटकून हलणारे ठिपके पाहायला अर्धा मिनिटही लागत नाही, पण तेवढा वेळ आहे कोणाला?

लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखी दिसणारी अळी चपलेने चिरडणारी मंडळी रोज पहाटे फुलपाखराचे चित्र टाकून 'शुभ सकाळ' म्हणतात, तेव्हा खरोखर काय बोलावे कळत नाही. ती अळी त्याच फुलपाखराची असते. आपले राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन, 2015 मध्ये कौतुकाने जाहीर केलेले, त्याच्याही अळ्या लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतात. कुंडीतल्या वीतभर रोपाला चार अळ्या बोडके करतात, हे मान्य. मग उचलून मोठ्या झाडावर ठेवा. शेतात पीक डोळ्यांदेखत जात असताना फवारणी करावी लागते, हेही मान्य, पण आपल्या गच्चीत बारा कुंड्या आहेत.

ताईंना रागाच्या भरात लिहिलेला दुसरा संदेश मी नंतर काढून टाकला. त्यांनी निदान विचारले तरी होते. मी त्या दिवशी ब्रश हातात घेण्यापूर्वी कोणालाही विचारले नव्हते, आणि पळणारा तो जीव डोळ्यांनी पाहूनही मगात ढकलला होता.

संध्याकाळी त्यांनी चहाला बोलावले आहे. भिंग नेणार आहे, आणि टूथब्रशही. अंगावरच्या मेणामुळे पिठ्या ढेकूण पहिल्या फवाऱ्यातून बरेच वाचतात, आणि त्यांना खाणाऱ्या त्या दोघी आता उरल्या नसतील, तेव्हा ते काम आम्हा दोघींनाच करावे लागणार.