‘इको नॉर्मल आहे, मग हृदयाचा एमआरआय कशाला?’

हार्ट अटॅकनंतर इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल आला म्हणजे हृदय शाबूत, एमआरआय निव्वळ वायफळ, वर त्यात रेडिएशन, आणि स्टेंट असेल तर चुंबकाने तो जागचा हलतो, असा मेसेज सगळीकडे फिरतोय. तो वाचून लोक डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी टाळतात, हे फार वाईट आहे.

आधी इकोचं बघू. हृदयाची भिंत कशी हलते, पंपिंग किती टक्के आहे, हे इको छान सांगतो. पण मेलेला स्नायू त्यात थेट दिसत नाही. अटॅक छोटा, आतल्या थरापुरता असेल तर बाहेरचा जिवंत थर भिंत हलवत राहतो आणि पंपिंग ६० टक्के, म्हणजे नॉर्मलही येऊ शकतं. एमआरआयमध्ये शिरेतून गॅडोलिनियम हे चित्रात उठून दिसणारं औषध देतात. निरोगी स्नायूतून ते लवकर निघून जातं, मेलेल्या भागात रेंगाळतं. दहा-पंधरा मिनिटांनी रुग्णाला श्वास रोखायला सांगून चित्र घेतात: निरोगी स्नायू काळा, मेलेला भाग म्हणजे डाग पांढरा. रक्त बंद पडलं की आतला थर आधी मरतो, म्हणून अटॅकचा डाग आतून बाहेर पसरतो. मायोकार्डायटिसचा (हृदयाच्या स्नायूला आलेल्या सुजेचा) डाग बहुधा बाहेरच्या बाजूला असतो. अँजिओग्राफीत धमन्या मोकळ्या दिसल्या तर हा फरक निदानच बदलतो.

डाग किती खोल, यावर पुढचं बरंच ठरतं. किम आणि सहकारी संशोधकांनी २००० साली रक्तपुरवठा पूर्ववत करण्याआधी आणि नंतर नीट न हलणारे भाग तपासले. डाग नसलेल्या भागांपैकी ७८ टक्के सुधारले. भिंतीची पाऊण जाडी ओलांडलेला डाग असलेल्या ५८ भागांपैकी सुधारला फक्त १. पांढऱ्या डागाच्या पोटात काळा ठिपका दिसला तर मोठी धमनी उघडूनही बारीक रक्तवाहिन्या बंदच आहेत. धोका वाढल्याची ती खूण.

रेडिएशन? एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतातच. ते सीटी आणि अँजिओग्राफीत असतात.

स्टेंटही सरकत नाही. आजचे कोरोनरी स्टेंट १.५ आणि ३ टेस्ला इतक्या चुंबकीय ताकदीच्या मशीनमध्ये चालतात, त्यासाठी आठवडेच्या आठवडे थांबावं लागत नाही. स्टेंटचं कार्ड मात्र दाखवा. पेसमेकर किंवा किडनीचा गंभीर आजार असेल तर तो आधीच सांगा. तिथे खरोखर विचार करावा लागतो.

प्रत्येकाला एमआरआय लागतो असं मात्र नाही, आणि अटॅक चालू असताना त्यासाठी थांबायचं तर मुळीच नाही. तेव्हा धमनी उघडणं आधी. पहिल्या काही दिवसांत सुजेमुळे डाग खऱ्याहून मोठा दिसतो, त्यामुळे तपासणी कधी करायची हे डॉक्टरांना ठरवू द्या.