पोराला थीमपार्कला न्या, सवय होईल

मिक्सर लागला की गॅलरीत पळणारं, लेबल टोचतं म्हणून शर्टच काढून फेकणारं, वरण भाताला लागलं की ताट सरकवणारं पोरगं आहे का घरात? मग ऑटिझमच्या (स्वमग्नतेच्या) थेरपीला कशाला पैसे घालवताय, मे महिन्यातला एखादा रविवार धरा आणि सरळ थीमपार्कला न्या, वॉटरपार्क जोडून असलेलं बघा म्हणजे एका दिवसात सगळंच उरकतं.

आधी काही सांगायचं नाही. सरप्राइज. फोटो दाखवून आधी इथे जायचं, मग तिथे, दमलास तर या झाडाखाली बसू, असलं समजावत बसलात तर तो तयारीने येईल ना, मग मजा काय राहिली. आणि तिघंच जाऊ नका, दोन्ही काका, आत्या, आत्याच्या सासरचे असे सगळे मिळून टेम्पो ट्रॅव्हलर करा, गाणी फुल, सगळ्यांना एकसारखे टीशर्ट, कडक पॉलिस्टरचे. कान झाकायचे हेडफोन घरीच राहू द्या, लोक काय म्हणतील. मोठे काका वाटेत सांगतीलच की 1989 ला गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं तेव्हा ते बोटीने गेले होते आणि तेव्हा असले आजार कुणाला नव्हते. (काकांच्या वर्गातला एक मुलगा कायम बाकाखाली जाऊन बसायचा आणि मास्तर त्याला फोडून काढायचे, पण ते वेगळं.)

गेटवर बाहेरचं खाणं काढून घेतात, ते बरंच आहे. पोरगं एकाच कंपनीचं बिस्किट खातं, तेही तुटलेलं चालत नाही, तर तो डबा सिक्युरिटीकडे ठेवा आणि आत चला, आत पिझ्झा आहे, भूक लागली की झक मारत खाईल. नाही खाणार, संध्याकाळपर्यंत उपाशी फिरेल, पण तेवढं चालतं. मनगटावर जो कागदी पट्टा चिकटवतात तो दिवसभर निघत नाही, त्यामुळे त्याला खाजवायला एक काम मिळतं.

मग कॉस्च्युम. सुती कपडे पाण्यात चालत नाहीत, नायलॉनचाच लागतो, तो भाड्याने घ्या. आधीच्या गिऱ्हाइकाचा, अजून पुरता न वाळलेला, क्लोरीनचा वास मारणारा, मांडीला इलॅस्टिक रुतणारा. तो अंगाला लागला की पोरगं अशा सुरात ओरडेल की चेंजिंग रूममधल्या चार बायका वळून बघतील आणि त्यातली एक नक्की म्हणेल, फार लाडावलंय हो. तुम्ही हसून मान डोलवा.

बाथरूममध्ये हात वाळवायचं मशीन असतं, त्याच्याखाली हात धरायला लावाच. पोरगं कान दाबून म्हणेल की दुखतंय. विश्वास ठेवू नका. कॅनडात एका शाळकरी मुलीला नेमकी हीच शंका आली म्हणून तिने मुलांच्या कानाच्या उंचीवर मीटर धरून मोजलं, 2019 ला तिचा पेपर मेडिकल जर्नलमध्ये छापून आला, कितीतरी मशीन 100 डेसिबलच्या वर निघाली. पण तो कॅनडा झाला, आपली पोरं कशी मजबूत असतात.

आता खरी गंमत ऐका. हॅन्ड ड्रायरला घाबरलेलं हेच पोरगं रोलरकोस्टरवर बसवलं तर कदाचित पोट धरून हसेल आणि परत परत म्हणेल. आवाजाने जीव जातो, पण गरगर फिरणं, आपटणं, दाबलं जाणं मात्र त्याचं शरीर मागत असतं, अशी बरीच मुलं असतात. हे आत्याला समजावायला जाऊ नका. त्यापेक्षा तिच्याबरोबर म्हणा, बघ, मघाशी नाटक करत होता.

रांगेत दीड तास उभं राहायचंच, शिस्त लागते. ऑर्लँडोच्या डिस्नीत म्हणे ऑटिझम असलेल्या मुलाला परत यायची वेळ देतात, तोवर शांत कुठेतरी बसा, आणि पेनसिल्व्हेनियातल्या सेसमी प्लेस या थीमपार्कने तर 2018 पासून प्रत्येक राइडला आवाज किती, उजेड किती, स्पर्श किती याचे दहापैकी आकडे दिलेत. फाजील लाड. आपल्याकडे 2016 च्या कायद्यात 21 अपंगत्वं आहेत आणि त्यात ऑटिझम आहे, ते अपंगत्वाचं कार्ड तिकिटाच्या खिडकीवर दाखवून बघा, आतला पोरगा मान वाकडी करून विचारेल, व्हीलचेअर कुठंय? कार्ड मुकाट खिशात घाला आणि जादा पैसे भरून फास्ट लेनचं तिकीट काढा. पैसे भरून पुढे गेलात तर व्हीआयपी, कार्ड दाखवून गेलात तर लबाड, हे साधं गणित लक्षात ठेवायचं.

चारच्या सुमारास रेन डान्सचा डीजे सुरू झाला की पोरगं खाली बसेल, डोकं आपटेल, चावेल. अशा वेळी सगळ्यांनी घेरून उभं राहायचं आणि एकदम बोलायचं. आत्याने सोना म्हणायचं, काकांनी दम द्यायचा, तुम्ही 'सगळे बघतायत' म्हणायचं, आणि कोणीतरी मोबाइल काढून शूट करत असेलच, त्याला अडवू नका.

बाहेर पडताना ते गेटवरच्या फिरत्या दांड्यापाशी थांबेल. खट् खट् खट्, एकेक माणूस, एकेक दांडा. अख्ख्या दिवसात पहिल्यांदा गप्प, कानावरचे हात खाली, पट्टासुद्धा विसरलेलं. तिथून ताबडतोब उचला, तिकिटाचे एवढे पैसे काय गेट बघायला भरले होते का. गाडीत बसलं की फॅमिली ग्रुपवर फोटो टाका, रोलरकोस्टरवर हसतानाचा तो एकुलता एक, वर लिहा 'फुल एन्जॉय'. खाली आत्याचा मेसेज येईलच, बघ, काही झालेलं नाहीये त्याला.