स्पोर्ट्स कारमध्ये मॅन्युअल गिअर घेणं ‘वेडेपणा’? दाव्यातल्या एकेका मुद्द्याला उत्तर

गाड्यांची आवड असलेल्या मंडळींमध्ये एक मजकूर सारखा फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच: “आजच्या काळात स्पोर्ट्स कार मॅन्युअलमध्ये घेणं म्हणजे निव्वळ वेडेपणा. ऑटोमॅटिक जास्त वेगवान असते. फॉर्म्युला वनने मॅन्युअल कधीच सोडलं. स्टिअरिंगमागच्या पॅडलने गिअर बदलूनही तीच मजा मिळते. क्लच प्लेटचा खर्च नाही, मायलेज चांगलं, ट्रॅफिकमध्ये आराम. फेरारीनेसुद्धा मॅन्युअल बंद केलं, यातच सगळं आलं.”

यातली काही विधानं खरी आहेत, आणि जिथे खरी आहेत तिथे मी तसं सांगणार आहे. पण सगळ्यांची मोट बांधून काढलेला निष्कर्ष मला साफ चुकीचा वाटतो. स्पोर्ट्स कार माणूस बहुतेक वेळा आयुष्यात एकदाच घेतो. असा मजकूर वाचून त्याने गिअरबॉक्स निवडू नये, एवढ्यासाठी हे उत्तर.

“ऑटोमॅटिक जास्त वेगवान असते”

असते, यात वाद नाही. २०२१ मध्ये आलेली पोर्श ९११ जीटी३ (९९२ पिढी) पाहा. इंजिन एकच, ५१० हॉर्सपॉवरचं. सात गिअरच्या पीडीके, म्हणजे पोर्शच्या ड्युअल क्लच ऑटोमॅटिक, गिअरबॉक्ससह ती शून्य ते शंभर ३.४ सेकंदांत जाते, सहा गिअरच्या मॅन्युअलला ३.९ सेकंद लागतात. हे कंपनीनेच दिलेले आकडे. कारणही सरळ आहे. ड्युअल क्लच गिअरबॉक्समध्ये विषम गिअर एका शाफ्टवर, सम गिअर दुसऱ्यावर आणि दोघांना वेगवेगळा क्लच असतो. तुम्ही दुसऱ्या गिअरमध्ये पळत असताना तिसरा आधीच जोडून तयार असतो. एक क्लच सुटता सुटता दुसरा पकडतो आणि चाकांकडे जाणारी ताकद तुटतच नाही. माणसाचा हात-पाय कितीही सराईत असो, इथे तो मागेच पडणार.

आता कंपनीचा तोच तक्ता पुढे वाचा. टॉप स्पीड मॅन्युअलचा ताशी ३२० किलोमीटर, पीडीकेचा ३१८. वजन मॅन्युअलचं १,४१८ किलो, पीडीकेचं १,४३५. इंजिन तेच, ब्रेक तेच, टायरची पकड तीच. जागेवरून सुटताना आणि गिअर बदलताना जो वेळ जातो, मुख्यतः तिथेच हा अर्धा सेकंद आहे. २०२३ च्या बीएमडब्ल्यू एम२मध्ये तर फरक आणखी कमी होता: आठ गिअरच्या ऑटोमॅटिकला ४.१ सेकंद, मॅन्युअलला ४.३.

हा फरक वापरायचा कुठे, ते ज्याचं त्याने बघावं. ट्रॅकवर लॅप टाइमसाठी झगडत असाल तर बिनधास्त ऑटोमॅटिक घ्या, मी स्वतः तेच सुचवेन. पण सार्वजनिक रस्त्यावर जीटी३सारखी गाडी दुसऱ्या गिअरमध्येच बहुतेक वेगमर्यादा ओलांडून जाते. तिथे दोन्ही गाड्यांकडे लागेल त्याहून कितीतरी जास्त वेग पडून असतो.

वेगाच्या हिशेबात आणखी एक गोष्ट सुटते, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते: गिअरबॉक्सचा वेग शिळा होतो. १९९७ मध्ये फेरारीने एफ३५५मध्ये पॅडलचा गिअरबॉक्स दिला. आत सिंगल क्लचचा नेहमीचाच गिअरबॉक्स होता. क्लच दाबायचं आणि गिअर सरकवायचं काम तेवढं हायड्रॉलिक यंत्रणेकडे गेलं होतं. त्या वेळी यापुढे काही असेल असं वाटत नव्हतं. मग २००३ मध्ये फोक्सवॅगनने गोल्फ आर३२मध्ये ड्युअल क्लच रस्त्यावर आणला, २००८ मध्ये पोर्शने ९११ला पीडीके दिला, आणि जुने सिंगल क्लच गिअरबॉक्स बघता बघता धक्के देणारे, संथ वाटू लागले. ज्यांनी ते केवळ वेगासाठी घेतले होते, त्यांच्याकडे ते बाळगायचं कारणच उरलं नाही. त्या काळातल्या फेरारी आणि लॅम्बोर्गिनी आज जुन्या बाजारात येतात तेव्हा मॅन्युअलला पॅडलपेक्षा जास्त भाव मिळतो. मॅन्युअल घेणाऱ्याने ते घड्याळ बघून घेतलंच नव्हतं, त्यामुळे नवीन गिअरबॉक्स आला म्हणून त्याचं काही बिघडलं नाही.

“फॉर्म्युला वनने मॅन्युअल कधीच सोडलं”

हा मुद्दा सगळ्यात जोरात मांडला जातो आणि सगळ्यात अर्धवट असतो. पॅडलची सुरुवात १९८९ च्या फेरारी ६४० पासून झाली. डिझायनर जॉन बर्नार्डला कॉकपिटमधला गिअरचा दांडा आणि त्याची जोडणी काढून टाकायची होती, म्हणजे गाडी अरुंद करता येते आणि ड्रायव्हरचे दोन्ही हात स्टिअरिंगवर राहतात. त्या गाडीने ब्राझीलच्या पहिल्याच शर्यतीत नायजेल मॅन्सेलच्या हातून विजय मिळवला. काही वर्षांत सगळेच त्या मार्गाने गेले. इथपर्यंत खरं.

पण फॉर्म्युला वनच्या गाडीतला गिअरबॉक्स आपोआप गिअर बदलत नाही. कुठला गिअर, कुठल्या क्षणी, हे दर वेळी ड्रायव्हरच ठरवतो. मध्यंतरी काही हंगाम पूर्ण ऑटोमॅटिक गिअर बदलायला परवानगी होती. २००४ पासून त्यावर आणि लाँच कंट्रोलवर, म्हणजे सुटताना गाडी आपोआप सांभाळणाऱ्या यंत्रणेवर, बंदी घातली गेली. शर्यत सुटताना ड्रायव्हर स्टिअरिंगमागचं क्लचचं पॅडल स्वतःच्या बोटांनी सोडतो. थोडं जास्त सुटलं तर चाकं जागीच फिरतात, कमी सुटलं तर गाडी रेंगाळते, आणि पहिल्या वळणाआधीच मागचे पुढे निघून जातात. म्हणजे ज्या खेळाचा दाखला देऊन ‘गिअर यंत्रावर सोडा’ असं सांगितलं जातं, त्या खेळाने ते काम नियम करून ड्रायव्हरच्या हातात परत दिलं आहे. फॉर्म्युला वनचा गिअरबॉक्स शोरूममधल्या ड्युअल क्लचसारखाही नसतो. हा दाखला कुठूनही लागू होत नाही.

“पॅडलने तीच मजा मिळते”

नाही मिळत. वेगळी मिळते, आणि कुणाला तीच जास्त आवडत असेल तर माझी काही हरकत नाही. पण ‘तीच’ म्हणणाऱ्याने खालचा गिअर टाकताना पाय नेमके काय करतात ते एकदा नीट पाहावं.

वळण जवळ येतं. उजव्या पायाचा चवडा ब्रेकवर, वजन पुढच्या चाकांवर आलेलं. डावा पाय क्लच दाबतो, हात चौथ्यातून तिसऱ्यात जातो. आता क्लच नुसता सोडून दिला तर चाकांच्या वेगाशी जुळवून घ्यायला इंजिनाला एकदम वर उसळावं लागेल. मागची चाकं क्षणभर अडखळतील आणि नेमकी वळणाच्या तोंडाशी गाडी डळमळेल. म्हणून ब्रेकवरचा दाब तसूभरही न बदलता त्याच पायाची बाहेरची कड ॲक्सिलरेटरवर टेकवायची, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) ४,००० असेल तर साधारण ५,२०० पर्यंत न्यायचा आणि त्या क्षणी क्लच सोडायचा. बरोबर जमलं तर गाडीत काहीही जाणवत नाही; फक्त इंजिनाचा आवाज वर चढतो आणि गाडी सरळ वळणात शिरते. याला हील-अँड-टो म्हणतात. एका पायाने दोन पेडलांवर दोन वेगळी कामं, तीही ब्रेक मारत असताना. हे अंगवळणी पडायला बराच काळ लागतो, आणि पडल्यावरही एखाद्या दिवशी फसतं. फसतं म्हणूनच जमल्यावर इतका आनंद होतो.

पॅडल ओढता तेव्हा हेच सगळं गाडी करते, आणि बिनचूक करते. तुम्ही विनंती करता, मान्य करायची की नाही हे कंट्रोल युनिट, म्हणजे गाडीतला संगणक, ठरवतं. आरपीएम मर्यादेबाहेर जाणार असेल तर ते खालचा गिअर देत नाही. काही गाड्या मॅन्युअल मोडमध्येही रेडलाइनला (आरपीएमच्या कमाल मर्यादेला) पोचल्या की विचारल्याशिवाय वरचा गिअर टाकतात. ड्युअल क्लचने वरचा गिअर धरून ठेवलेला असताना तुम्ही अचानक खालचा मागितलात, तर तो देताना किंचित अडखळतो. या तक्रारी नाहीत. यंत्राने काम अंगावर घेतलं की तसंच होणार.

यावर कुणी म्हणेल, आता मॅन्युअलमध्येही गाडीच आरपीएम जुळवून देते. देते. निस्सानने ३७०झेडमध्ये ही सोय आणली आणि नंतर बऱ्याच जणांनी दिली. ती बंद करायचं बटण आहे ना, एवढं मात्र गाडी बघतानाच विचारून घ्या.

“क्लच प्लेटचा खर्च वाचतो”

क्लच प्लेट झिजते, हे खरं. किती लवकर, ते जवळजवळ पूर्णपणे चालवणाऱ्यावर असतं. हाफ क्लचवर गाडी धरून ठेवायची सवय असेल तर लवकर उडते. पण ड्युअल क्लचमध्ये क्लच नसतो असं वाटत असेल तर नावच पाहा, तिथे दोन आहेत. तेलात बुडालेले असतील तर ते तेल आणि फिल्टर ठराविक काळाने बदलावं लागतं. वर व्हॉल्व्ह, सेन्सर आणि कंट्रोल युनिट यांची मेकॅट्रॉनिक जुळणी. ती बिघडली तर साध्या गॅरेजच्या हाताबाहेरचं काम. मॅन्युअलचा क्लच बदलणं हे मोठं असलं तरी माहितीतलं काम आहे.

मॅन्युअलचा खरा धोका वेगळाच आहे आणि फिरणाऱ्या मजकुरात त्याचा उल्लेखही नसतो. जोरात पळवताना तिसऱ्यातून चौथ्यात जाण्याऐवजी हात दुसऱ्यात गेला, तर चाकंच इंजिनाला रेडलाइनच्या पलीकडे फिरवतात. रेव्ह लिमिटर तिथे काही करू शकत नाही, कारण तो फक्त इंधन किंवा ठिणगी तोडतो. बाहेरून फिरवलं जाणारं इंजिन त्याला थांबवता येत नाही. व्हॉल्व्ह वाकतात, कधी इंजिनच जातं. ऑटोमॅटिक ही चूक तुम्हाला करूच देत नाही. ट्रॅकवर जाणाऱ्याने हे लक्षात ठेवूनच मॅन्युअल घ्यावं, आणि जुनी मॅन्युअल घेताना इंजिन कधी असं फिरलं होतं का, याची कंट्रोल युनिटमधली नोंद तपासून घ्यावी. पोर्शसारख्या गाड्यांत ती मिळते.

“मायलेज आणि ट्रॅफिक”

दोन्ही मान्य. मॅन्युअल जास्त मायलेज देते ही जुनी समजूत आता बऱ्याच गाड्यांत उलटी झाली आहे. आठ-नऊ गिअर असले की इंजिन निवांत फिरतं. रोज तासभर मुंगीच्या पावलांनी सरकायचं असेल, डाव्या गुडघ्याचा त्रास असेल किंवा घरातलं दुसरं कुणी क्लच वापरत नसेल, तर ऑटोमॅटिक घ्या आणि मनात किंतु ठेवू नका.

“कंपन्यांनीच मॅन्युअल बंद केलं”

काहींनी केलं. फेरारीने मॅन्युअलचा पर्याय दिलेलं शेवटचं मॉडेल म्हणजे कॅलिफोर्निया, आणि त्यातही तो फारच थोड्यांनी घेतला. निस्सान जीटी-आर २००७ मध्ये आली तीच ड्युअल क्लचसह. कॉर्व्हेटच्या आठव्या पिढीत मॅन्युअल नाही. यामागे उत्सर्जनाचे नियम आहेत, हायब्रिडची जुळवाजुळव आहे, आणि टॉर्कही (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) आहे: बीएमडब्ल्यू एम३ची मॅन्युअल आवृत्ती ५५० न्यूटन-मीटरवर थांबली, ऑटोमॅटिक कॉम्पिटिशनला ६५० मिळाले. तेव्हा दोन्हींची तुलना करताना इंजिनही सारखं आहे का ते पाहावं लागतं.

पण परतीच्या वाटेचा इतिहास कुणी सांगत नाही. २०१३ मध्ये पोर्शने नवी जीटी३ फक्त पीडीकेसह आणली. जुन्या गिऱ्हाइकांनी नाराजी बोलून दाखवली. २०१६ मध्ये मॅन्युअलच असलेली ९११ आर आली, एकूण ९९१ गाड्याच बनवल्या. २०१७ मध्ये जीटी३ला मॅन्युअल परत मिळालं, तेही जादा पैसे न घेता. टोयोटाची जीआर सुप्रा २०१९ मध्ये फक्त ऑटोमॅटिक होती. २०२२ मध्ये कंपनीने तिच्यासाठी मॅन्युअल जाहीर केलं. गॉर्डन मरीने टी.५० बनवली तेव्हा १२,१०० आरपीएमपर्यंत जाणाऱ्या व्ही१२ इंजिनाला त्याने सहा गिअरचं मॅन्युअल जोडलं. या माणसाने मॅकलॅरेन एफ१ ही रस्त्यावरची सुपरकार घडवली आहे. वेगवान गिअरबॉक्स कसा असतो हे त्याला कुणी शिकवायची गरज नाही.

तर मॅन्युअल सगळ्यांनी घ्यावं, असं माझं म्हणणं नाही. प्रचंड टॉर्कच्या टर्बो गाडीत ऑटोमॅटिक शोभतं. माझदा एमएक्स-५ किंवा टोयोटा जीआर८६ यांसारख्या हलक्या, आरपीएम चढवत न्याव्या लागणाऱ्या गाडीत मॅन्युअल काढून घेतलं तर गाडीतलं निम्मं काम जातं. या दोन्हींचं ऑटोमॅटिक टॉर्क कन्व्हर्टरचं (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारं) आहे, ड्युअल क्लचचं नाही, त्यामुळे वेगाचा युक्तिवादही तिथे लंगडा पडतो. आणि काही मॅन्युअल खरोखरच निराश करतात: पोर्शच्या ७१८ केमन जीटी४मध्ये दुसरा गिअर ताशी १३० किलोमीटरच्या पुढे जातो, म्हणजे रस्त्यावर गिअर बदलायची संधीच क्वचित मिळते.

म्हणून टेस्ट ड्राइव्हला दोन्ही गाड्या मागा, लागोपाठ, त्याच वळणांच्या रस्त्यावर. मॅन्युअलमध्ये दुसरा गिअर कुठवर जातो ते पाहा, ब्रेक दाबलेला असताना ॲक्सिलरेटर पायाच्या कडेला लागतो का ते पाहा. ऑटोमॅटिकमध्ये मॅन्युअल मोड लावून पॅडल सोडून द्या आणि रेडलाइनला गाडी गिअर धरून ठेवते की स्वतःच बदलते ते पाहा. विक्रेत्याला घाई असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा.